सुरिनामची सुट्टी: समुद्र सोडा, नदी धरा

प्रश्न थोडक्यात असा. ठाण्याचं कुटुंब: नवरा-बायको, तेरा वर्षांची मुलगी आणि सत्तरीला टेकलेले सासरे. मे महिन्यात दहा दिवस दक्षिण अमेरिकेच्या उत्तर किनाऱ्यावरच्या सुरिनाम या देशाला जायचा बेत. यादीत समुद्रकिनारा, ॲमेझॉनचं जंगल, 'तिकडचे आपले लोक', आणि 'एवढ्या लांब जातोच आहोत तर' म्हणून शेजारचे गयाना आणि फ्रेंच गयानाही. चौघांपैकी दोघं शाकाहारी. दक्षिण अमेरिकेच्या सहली आखणं हेच माझं काम, त्यामुळे उत्तर लांबणार आहे आणि तुमच्या यादीतल्या बऱ्याच गोष्टींवर काट बसणार आहे.

सुरुवात समुद्रापासून, कारण गैरसमज तिथेच सगळ्यात मोठा असतो. नकाशात सुरिनामची सगळी उत्तर बाजू अटलांटिकला लागलेली दिसते. कॅरिबियन जवळ, हवा उष्ण, त्यामुळे डोळ्यांसमोर पांढरी वाळू आणि निळं पाणी येतं. तसलं तिथे काही नाही. ॲमेझॉन नदी समुद्रात जो अफाट गाळ ओतते तो प्रवाहाबरोबर पश्चिमेकडे सरकत राहतो आणि गयाना, सुरिनाम, फ्रेंच गयाना या तिन्हींच्या किनाऱ्याला चिखलाचे मैलोन्‌मैल पट्टे लागतात. किनारा म्हणजे खारफुटी, दलदल आणि गढूळ तपकिरी पाणी. पक्ष्यांसाठी तो स्वर्ग आहे, पण पोहायला जायची जागा नव्हे. राजधानी पारामारिबोसुद्धा समुद्रावर नाही, आत सुरिनाम नदीच्या काठावर आहे. पोहायचंच असेल तर स्थानिक लोक जातात तिथे जा: नद्यांच्या काठच्या वाळूवर किंवा विमानतळाच्या वाटेवरच्या कोलाक्रीकसारख्या ओढ्यांवर. तिथलं पाणी पानांतल्या टॅनिनमुळे गडद दिसतं, पण ते घाण नसतं. मुलीला समुद्रापेक्षा हे जास्त आवडेल, यावर मी पैज लावायला तयार आहे.

देशाचा नव्वद टक्क्यांहून जास्त भाग जंगल आहे. लोकसंख्या साधारण सहा लाख, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या मध्यम शहराएवढी, आणि तीही जवळपास सगळी किनारपट्टीलगत. आत जायला रस्ते थोडे. खरा रस्ता नदी. म्हणून सहल आखताना 'कुठली ठिकाणं बघायची' असं न विचारता 'कुठल्या नदीवर किती रात्री' असं विचारा. बाकीचं आपोआप जुळतं.

आता महिना. सुरिनाममध्ये वर्षातून दोन पावसाळे असतात. मोठा एप्रिलच्या अखेरीपासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत, लहान डिसेंबर-जानेवारीत. कोरडे दिवसही दोनदा: फेब्रुवारी ते एप्रिल थोडे, आणि ऑगस्टच्या मध्यापासून नोव्हेंबरअखेर मोठे. म्हणजे तुमचा मे महिना भर पावसात पडतो. आपल्या कोकणासारखी आठवडाभर झड लागत नाही. जोराची सर येते, तास-दोन तास कोसळते, परत ऊन. पण जंगलातल्या लाल मातीच्या वाटांचं काय होतं ते सांगायला नको, आणि सासऱ्यांचे गुडघे सोबत आहेत.

माझं स्पष्ट मत: दिवाळीच्या सुट्टीत जा. तेव्हा हवा कोरडी असते, वाटा चालण्याजोग्या असतात, आणि दिवाळी तिथेही सार्वजनिक सुट्टी आहे. पारामारिबोच्या स्वातंत्र्य चौकात भलामोठा दिवा उजळतात आणि तो बघायला सगळ्या धर्मांची माणसं येतात. याची किंमतही आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबरात उकाडा चांगलाच भाजतो, धबधबे बारीक होतात आणि नदीला पाणी कमी असल्यामुळे होडी खडकांना घासते. किनाऱ्यावरच्या मोजक्या वाळूच्या जागांपैकी एक असलेल्या गालिबीला रात्री अंडी घालायला येणारी कासवंही तेव्हा नसतात. ती साधारण मार्च ते जुलै दिसतात. तुम्ही वेळासला ऑलिव्ह रिडलेची पिल्लं समुद्रात जाताना बघितली असतील, तर गालिबीचा प्रकार वेगळा. अंधारात, लाल प्रकाशाच्या विजेरीवर, तीन-चारशे किलोची लेदरबॅक मादी मागच्या वल्ह्यांनी खड्डा उकरताना बघायची. कासवांसाठीच जीव अडकला असेल तर मे पत्करा आणि जंगलातलं चालणं कमी करा. दोन्ही एकाच सुट्टीत बसत नाही. जुलै-ऑगस्ट मात्र टाळा: नेदरलँड्सपासून 1975 मध्ये मिळालेल्या स्वातंत्र्याच्या आगेमागे सुरिनामचे लाखभराहून जास्त लोक नेदरलँड्सलाच गेले, त्यांची मुलंबाळं शाळेच्या सुट्टीत तेव्हाच घरी येतात आणि विमानभाडं आकाशाला भिडतं.

तिकिटाला हात लावण्याआधी पीतज्वराचं (यलो फीवर) बघा. आपल्याकडचे लोक हे सगळ्यात शेवटी बघतात आणि मग पळापळ होते. दक्षिण अमेरिकेतल्या पीतज्वराच्या देशांतून परतणाऱ्या माणसाकडे लसीचं पिवळं प्रमाणपत्र नसेल, तर भारतातल्या विमानतळावर त्याला सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवता येतं. याबाबत आपले विमानतळ भलतेच कडक आहेत. लस ठरावीक सरकारमान्य केंद्रांवरच मिळते, पासपोर्ट घेऊन, आधी वेळ ठरवून. प्रमाणपत्र दहाव्या दिवसापासून लागू होतं आणि मग आयुष्यभर चालतं. तुम्हा तिघांचं सोपं आहे. सासऱ्यांचं नाही. साठीनंतर ही लस पहिल्यांदाच घेणाऱ्यांमध्ये गंभीर दुष्परिणामांचा धोका जास्त असतो. त्यांचा मधुमेह, चालू गोळ्या, जुनी आजारपणं हे सगळं बघून निर्णय त्यांच्या डॉक्टरांनीच घ्यायचा. डॉक्टरांनी नको म्हटलं तर सूटपत्र देतील, पण त्या कागदावर भारतात विलगीकरण टळेल असं धरून चालू नका. एक कायदेशीर वाट आहे: सहा दिवस मोजले जातात ते बाधित देश सोडल्यापासून. येताना नेदरलँड्समध्ये आठवडाभर राहिलात तर प्रश्न मिटतो. त्याला अर्थात शेंगेन (युरोपातल्या बऱ्याच देशांचा एकत्रित) व्हिसा लागेल. आणि जंगलात डास असतातच, त्यामुळे लसीशिवाय आत जायचं की नाही हा मुद्दा वेगळा उरतो.

मलेरियाबद्दल घाबरवणाऱ्या जुन्या गोष्टी वाचाल. 2025 च्या जूनमध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सुरिनामला मलेरियामुक्त जाहीर केलं. ॲमेझॉनच्या प्रदेशातला हा पहिलाच देश. डेंग्यू आहे, त्यामुळे लांब बाह्या आणि डासांचं मलम हवंच.

जायचा सरळ मार्ग मुंबई-ॲमस्टरडॅम-पारामारिबो. दोन्ही टप्पे साधारण नऊ-नऊ तासांचे. सगळं एकाच तिकिटावर घ्या, म्हणजे पहिलं विमान उशिरा पोहोचलं तर पुढची सोय कंपनीने करायची. पारामारिबोचा विमानतळ शहराबाहेर पंचेचाळीस किलोमीटरवर, झांडरैला आहे. हॉटेलला गाडी पाठवायला आधीच सांगा. घड्याळ आपल्यापेक्षा साडेआठ तास मागे. प्रवेशाचे नियम आणि शुल्क गेल्या काही वर्षांत बदलत आले आहेत, म्हणून कुणाच्याही जुन्या अनुभवावर विसंबू नका, माझ्याही. सुरिनाम सरकारच्या अधिकृत संकेतस्थळावर भारतीय पासपोर्टचा त्या दिवशीचा नियम वाचा आणि मगच पैसे भरा.

दहा दिवसांतले जवळजवळ चार येण्याजाण्यात आणि झोपेचं गणित बसवण्यात जातील. बारा-तेरा काढता आले तर काढा. नाही जमले तर ठिकाणं कमी करा, रात्री नका कमी करू.

पहिल्या दोन रात्री पारामारिबोत. शहराचा जुना भाग 2002 पासून जागतिक वारसा यादीत आहे: पांढऱ्या रंगाची लाकडी घरं, विटांचे जोते, हिरव्या खिडक्या. काही इमारती झकास राखलेल्या, काही वाळवीने पोखरलेल्या, शेजारी शेजारी. कॅथेड्रलच्या आत जाऊन बसा. आतलं सीडरचं लाकूड रंग न देता तसंच ठेवलं आहे आणि भर दुपारीही आत बरं वाटतं. सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनास्थळ) आणि मशीद अगदी लागून लागून आहेत, त्यांचा फोटो प्रत्येक जण काढतो, तुम्हीही काढाल. नदीकाठचा झीलांडिया किल्ला देखणा आहे, पण मुलीला त्याचा अलीकडचा इतिहासही सांगा: 8 डिसेंबर 1982 ला लष्करी राजवटीने आपल्या पंधरा विरोधकांना तिथे ठार मारलं.

एक सकाळ रविवारची मिळेल असं बघा. रविवारी शहर बंद असतं आणि पर्यटक वैतागतात, पण स्वातंत्र्य चौकातल्या हिरवळीवर तेव्हा पाखरांच्या गाण्याची स्पर्धा भरते. पुरुष मंडळी छोटे पिंजरे घेऊन येतात. दोन पिंजरे दांड्यांवर समोरासमोर टांगले जातात, मालक मागे सरकतात आणि ठरलेल्या वेळात कुठलं पाखरू जास्त वेळा गातं त्याच्या खुणा परीक्षक फळ्यावर करत जातात. कुणी बोलत नाही. त्यातल्या ट्वाट्वा जातीच्या चांगल्या गायकाला लोक मोठी रक्कम मोजतात. सासऱ्यांना इथे खुर्ची मिळवून द्या, ते हलणार नाहीत.

तिसरा दिवस नदीपलीकडच्या कोमेवैने जिल्ह्याला. एकेकाळी उसाचे मळे होते तो हा भाग. जमीन सपाट, कालवे सरळ, सायकलला उत्तम. सासऱ्यांसाठी होडी किंवा गाडी. न्यू आम्स्टरडॅमच्या किल्ल्यापाशी दोन नद्या मिळतात, तिथे संध्याकाळी डॉल्फिन हमखास म्हणावेत इतके दिसतात. पण मी तुम्हाला मारियनबुर्खचा बंद पडलेला साखर कारखाना बघायला सांगेन. गंजलेली यंत्रं, छपरातून उगवलेली झाडं. 1902 मध्ये मजुरीवरून इथल्या हिंदुस्तानी मजुरांनी उठाव केला, कारखान्याचा संचालक मारला गेला आणि दुसऱ्या दिवशी सैनिकांच्या गोळीबारात सतरा मजूर पडले. त्यांचं स्मारक तिथे आहे. 'तिकडचे आपले लोक' या शब्दांमागे काय आहे ते इथे कळतं.

त्याबद्दल थोडं. 1863 मध्ये डच वसाहतीत गुलामगिरी संपली, मुक्त झालेल्यांना आणखी दहा वर्षं मळ्यांवर काम करायला भाग पाडलं गेलं, आणि ती मुदत संपता संपता, 1873 च्या 5 जूनला, कलकत्त्याहून निघालेलं 'लल्ला रूख' जहाज पारामारिबोला लागलं. 1916 पर्यंत चौतीस हजारांवर माणसं करारावर गेली. बहुतेक आजच्या उत्तर प्रदेश-बिहारची. म्हणजे तुम्हाला तिथे मराठी आडनावं सापडणार नाहीत. भोजपुरी-अवधीतून घडलेली सरनामी ऐकू येईल, तुमचं हिंदी त्यांना सिनेमांमुळे कळेल, तुम्हाला त्यांचं निम्मं कळेल. मात्र 'छोटा भारत' बघायला आल्यासारखं वागू नका. पाच-सहा पिढ्यांनंतर ते सुरिनामी आहेत, त्यांचं शिक्षण डचमध्ये झालंय, आणि 'तुम्ही अजून आपली संस्कृती टिकवली!' या शाबासकीची त्यांना गरज नाही. शेजारी आफ्रिकी वंशाचे क्रिओल, मळ्यांवरून जंगलात पळालेल्या गुलामांचे वंशज असलेले मरून, 1890 पासून आलेले जावानीज, चिनी, मूळचे आदिवासी, सगळेच आहेत. फक्त हिंदुस्तानी वस्तीत फिरून परत आलात तर देश पाहिलाच नाहीत.

मग सुरिनाम नदी. पारामारिबोहून दक्षिणेला तीन-साडेतीन तास गाडीने आचोनीला जायचं. पक्का रस्ता तिथे संपतो. वाटेत ब्रोकोपोंडोचा तलाव लागतो. 1960 च्या दशकात ॲल्युमिनियमच्या कारखान्याला वीज हवी म्हणून आफोबाका धरण बांधलं आणि सारामाका जमातीच्या मरूनांची गावंच्या गावं पाण्याखाली गेली. बुडलेल्या जंगलाचे वाळके बुंधे अजून पाण्याबाहेर उभे आहेत. कोयनेच्या किंवा उजनीच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

आचोनीच्या धक्क्यावर लांब, अरुंद लाकडी होड्या लागलेल्या असतात. त्यांना कोरयाल म्हणतात. तांदळाची पोती, गॅसच्या टाक्या, शाळकरी पोरं, एखादा फ्रिज, आणि मध्ये तुम्ही. मागे इंजिनवाला, पुढे टोकाला लांब काठी घेऊन एक जण उभा. खळाळ आला की पुढचा मागे न बघता हाताने खूण करतो, डावीकडे, हळू, आता जोरात, आणि होडी दोन खडकांमधून वीतभर अंतराने निसटते. पाणी फारच कमी असेल तर तरण्याबांड प्रवाशांना उतरून ढकलावं लागतं. तुमचे यजमान तयार राहू देत. बाकाला पाठ नसते. सासऱ्यांना मधल्या बाकावर बसवा, खाली उशी द्या, आणि लाइफ जॅकेट मागून घ्या. दिलं नाही तर होडीत पाऊल टाकू नका. सामान मोठ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळा.

नदीकाठी गावांना लागून किंवा बेटांवर छोटे लॉज आहेत, काही गावकऱ्यांचेच. तिथे तीन रात्री राहा. दोन नाहीत, तीन. पहिला दिवस पोहोचण्यात जातो, तिसऱ्या दिवशी कुठे अंगातला मुंबईचा वेग उतरतो. गावात जाताना लॉजच्या माणसाबरोबरच जा. माणसांचे, विशेषतः नदीवर धुणंभांडी करणाऱ्या बायकांचे, विचारल्याशिवाय फोटो नकोत. पूजास्थानांचे तर अजिबात नकोत. पिकिन स्ले गावात सारामाकांनी आपल्या इतिहासाचं संग्रहालय थाटलंय, तिथे वेळ काढा. मळ्यांवरून पळालेल्या त्यांच्या पूर्वजांनी डचांशी इतकी चिवट लढाई केली, की 1762 मध्ये डचांना त्यांच्याशी तह करावा लागला.

ब्राउन्सबर्गचा डोंगर सगळ्या जाहिरातींत असतो. वरून तलाव छान दिसतो, माकडं दिसतात, पण धबधब्यांची उतरण खडी आहे आणि उतरलेलं सगळं परत चढावं लागतं. तुमच्या मंडळींना घेऊन मी तो सोडेन आणि त्याऐवजी पश्चिमेला निकेरीकडे एक रात्र धरेन: भातशेतीचा मुलूख, आणि जवळ बिगी पानचं उथळ सरोवर, जिथे होडीत बसल्या बसल्या लालभडक आयबिस पक्ष्यांचे थवे दिसतात. एवढं जमत नसेल तर तेही राहू दे. शेवटची रात्र मात्र शहरातच हवी, जंगलातून थेट विमानतळ गाठायचा बेत कधीही करू नये.

शेजारचे दोन देश काढून टाका. फ्रेंच गयाना फ्रान्सचा भाग असला तरी शेंगेनमध्ये नाही. साधा शेंगेन व्हिसा तिथे चालत नाही, त्या प्रदेशासाठी चालणारा वेगळा घ्यावा लागतो. सीमेवरच्या आल्बिना गावी मारोवैने नदीवर पलीकडे नेणाऱ्या होड्या हाका मारत असतात, 'पाच मिनिटांत फ्रान्स' म्हणतात. चढू नका. गयानाला व्हिसाही वेगळा आणि तिथला कायेतूर धबधबा बघायचा तर आणखी आठवडा. तो पुढच्या वेळी.

जेवणाची काळजी शहरात मुळीच नको. रोटीच्या दुकानात शाकाहारी रोटी मागितली की बटाटा, चवळीच्या शेंगांची भाजी, भोपळा आणि मोठी मऊ रोटी येते. आत भरडलेली पिवळी डाळ भरलेली रोटी म्हणजे गुळाविना पुरणपोळीच. हाताने खातात. सोबत पिवळी मॅडम जॅनेट मिरची वेगळी देतात. आपण तिखट खाणारे या ऐटीत ती चावू नका, कडेने चाटा. ब्लाउग्रोंड भागात जावानीज खानावळी आहेत, तिथे शेंगदाण्याच्या चटणीतल्या भाज्या आणि टेम्पे (आंबवलेल्या सोयाबीनची वडी) मिळतं. मात्र सुकी कोळंबी आणि कोंबडीच्या अर्काची वडी कशात असेल सांगता येत नाही, म्हणून 'मांस नाही' एवढंच बोलून थांबू नका. मासे, कोळंबी, अर्क, एकेक नाव घेऊन विचारा. नदीवरच्या लॉजमध्ये सगळा शिधा शहरातून येतो. शाकाहाराचं बुकिंग करतानाच कळवा आणि निघायच्या आदल्या दिवशी पुन्हा आठवण करा. मेतकूट आणि लोणच्याची बाटली बॅगेत असू द्या.

सहलवाल्याशी बोलताना दोन गोष्टी लेखी घ्या: ठरलेली माणसं जमली नाहीत तरी सहल निघणार का, आणि दरात होडी, वाटाड्या, जेवण धरलंय का. भाव बहुतेक युरोत सांगतात. सुरिनामी डॉलर बराच घसरलेला आहे, त्यामुळे रोख युरो किंवा अमेरिकन डॉलर न्या आणि लागतील तसे अधिकृत कांबियोत (चलन बदलून देणाऱ्या दुकानात) बदला. आत जंगलात कार्ड चालत नाही. विम्यात जंगलातून विमानाने बाहेर काढण्याचा खर्च धरलाय का ते वाचा. आतल्या भागात वैद्यकीय मिशनचे दवाखाने आहेत, पण मोठा उपचार पारामारिबोतच.

वीज 127 व्होल्टची. मोबाइलचे आणि लॅपटॉपचे चार्जर चालतील. सासऱ्यांच्या सकाळच्या चहाची इलेक्ट्रिक किटली तिथे पाणी उकळायला फारच वेळ लावेल, ती घरीच ठेवा आणि लॉजवाल्यांकडून सकाळी थर्मास भरून घ्या.